नादारीच्या यादीतलं एक नाव

“लेक्क सरी इल्ल, मॅडम,” जजसाहेब म्हणाले. हिशेब बरोबर नाही. कोर्टात ते कन्नडच बोलायचे.

मी उभीच होते. अर्ज अकरा पानांचा होता. इंग्रजीत, आठवडाभर खपून मी स्वतः लिहिलेला. त्यात दोन लॅटिन शब्दही होते. त्यांचा अर्थ मला साधारण माहीत होता. जजसाहेबांनी ती अकरा पानं बाजूला सारली आणि शेवटच्या दोन याद्या समोर ओढल्या. एक देण्यांची, एक मालमत्तेची.

“तुमच्याच यादीची तुम्ही बेरीज केलीय का?”

केली नव्हती. त्यांनी पेन्सिलने केली. देणं आठ लाख दहा हजार. मालमत्ता आठ लाख साठ हजार.

“म्हणजे सगळं विकून सगळ्यांचं फेडलं तरी तुमच्या पक्षकाराच्या हातात पन्नास हजार उरतात. मग ते नादार कसे?”

समोरच्या बाजूचे हिरेमठ वकील खोकले. त्यांचं खोकणं म्हणजे हसणं असतं, हे साऱ्या बार रूमला ठाऊक होतं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, बेळगावच्या कोर्टातली. मी मूळची निपाणीची. आईचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. मी मुलं कॉलेजात गेल्यावर एलएलबी केलं, त्यामुळे पंचेचाळिशीत मी अवघी तीन वर्षांची वकील होते. नातवंडं आता विचारतात, आजी, तू कोर्टात भांडायचीस का गं? भांडायचे. पण तेव्हाच्या त्या बाईला भांडण्यापेक्षा स्वतःचा आवाज ऐकायला जास्त आवडायचं. काळा कोट तिने एक साइज मोठा घेतला होता, वजन पडावं म्हणून. वजन कोटाचंच पडायचं.

पक्षकार होते मारुती अण्णा. बेळगावच्याच वडगावात घरामागच्या शेडमध्ये चार पॉवरलूम, त्यांवर साड्या विणायचे. बाहेरून स्वस्त साड्या यायला लागल्या, ऑर्डरी आटल्या, माग थांबले. सूत उधार देणाऱ्या शेठजींनी दावा लावला आणि हुकूमनामा मिळवला. हुकूमनामा म्हणजे ‘इतके पैसे द्या’ असं कोर्टाने लिहून दिलेलं. तरीही पैसे मिळाले नाहीत तर घेणेकरी पुन्हा कोर्टात जातो. वसुलीचा एक मार्ग असा, की देणेकऱ्याला दिवाणी कैदेत बसवायचं. तिथल्या जेवणाचा भत्ता मात्र घेणेकऱ्याने भरायचा. शेठजी तो भरायला एका पायावर तयार होते.

मारुती अण्णांच्या नावे अटकेचं वॉरंट निघालं होतं. मी नादारीचा अर्ज टाकला म्हणून ते तेवढ्यापुरतं थांबलं होतं. अर्ज फेटाळला की वॉरंट पुन्हा चालू.

लोक ‘दिवाळं काढलं’ म्हणतात. कायदा ‘नादार’ म्हणतो. कंपन्यांसाठी आता नवा कायदा आलाय, पण साध्या माणसाची नादारी इकडे अजून इंग्रजांच्या वेळच्या, १९२० सालच्या कायद्याने चालते. देणं निदान पाचशे रुपयांचं असलं की अर्ज करता येतो. पाचशे रुपयांत आता आमच्या घरी चार दिवसांची भाजी येते. ती अट सोपी. खरी अट पुढची, की माणूस देणं फेडायला असमर्थ आहे असं कोर्टाला वाटलं पाहिजे. पक्का पुरावा लागत नाही, पण वरवर तरी पटलं पाहिजे. मग कोर्ट त्याला समोर उभं करून त्याचे व्यवहार विचारतं. काय आहे, काय होतं, कुणाच्या नावावर केलं. सगळे घेणेकरी हजर असतात आणि त्यांनाही प्रश्न विचारायचा हक्क असतो. पटलं, तर कोर्ट त्याला नादार जाहीर करतं. त्याची मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, तो ती विकतो आणि येतील ते पैसे सगळ्यांना देण्याच्या प्रमाणात वाटतो. माणसामागची अटक टळते. काही काळाने अर्ज करून तो उरलेल्या देण्यातूनही मोकळा होऊ शकतो. म्हणजे नादार ठरवणं ही शिक्षा नव्हे, तो आडोसा आहे. फक्त आडोशाला येताना खिसे उलटे करून दाखवायचे असतात.

हे सगळं आता मी चार ओळींत सांगते. तेव्हा मला ते अकरा पानांत सांगता आलं नव्हतं.

अर्जाव्यतिरिक्त माझं योगदान म्हणजे शर्ट. पहिल्या तारखेला मारुती अण्णा इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून आले. मी त्यांना कोर्टाच्या फाटकातूनच परत पाठवलं.

“अण्णा, असं नाही चालत. गरीब दिसायला हवं.”

“बाई, गरीबच हाय की. दिसायचं कशाला आणि?”

पण वकिलाचं ऐकायचं असतं, म्हणून ते शेजाऱ्याचा विटका शर्ट मागून घालून आले. जजसाहेबांनी त्या शर्टाकडे एकदाही पाहिलं नाही. ते बेरीज करत होते.

त्या दिवशी दहा दिवसांनंतरची तारीख मिळाली. “काही सांगायचं राहिलं असेल तर तेव्हा सांगा,” जजसाहेब म्हणाले, “नाहीतर मला आहे त्या कागदावर ऑर्डर करावी लागेल.”

व्हरांड्यात मी अण्णांना विचारलं, “सगळी देणी सांगितलीत ना?”

“व्हय.”

“एकूण एक?”

“व्हय.”

दुसरा ‘व्हय’ पहिल्यापेक्षा बराच उशिरा आला. हुशार वकिलाने तिथेच पकडला असता. मी तेव्हा हिरेमठांचं खोकणं मनावर घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी वडगावात गेले. विचार असा, की एखादं विजेचं बिल, एखादी दुकानाची उधारी विसरली असेल, ती शोधून देण्यांत पन्नास हजारांहून जास्त भर घालायची. मागांची किंमत कमी दाखवता येत नव्हती. ती पतसंस्थेने माणूस पाठवून काढलेली होती, कागद फाइलला होता. घराचा अर्धा हिस्साही तसाच.

अण्णांची शेड गप्प होती, पण शेजारच्या दोन्ही घरांत माग चालू होते. त्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही. नवराबायको भांडतात की जेवायला बोलावतात, बाहेरच्याला कळत नाही. अण्णांच्या पत्नी सुमनआक्काही खणखणीत आवाजात बिलं वाचून दाखवत होत्या. वीज, दूध, दवाखाना. सगळं मिळून अकरा हजार. मग अण्णा पाणी आणायला उठले, तशा त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि कानाशी तोंड आणलं.

“निपाणीच्या विहीणबाईंचं धरलंय काय वो त्यात?”

“कोण विहीणबाई?”

“आमच्या रेखाच्या सासूबाई. शाळेत बाई हुत्या. रिटायर झाल्यावर पैसं आलं, त्यातलं अडीच लाख दिलतं की. माग चालू ऱ्हावंत म्हणून.”

अडीच लाख. मी बाहेर आले. अण्णा पाण्याची कळशी ठेवत होते. बायकोचा चेहरा पाहूनच त्यांना समजलं.

“ते न्हाय घालायचं, बाई.”

“अण्णा, तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सही केलीय. देणी सगळी लिहिली म्हणून.”

“देणी लिवली की. ह्ये सोयऱ्यांचं हाय.”

“सोयऱ्यांचं देणं देणं नसतं?”

“असतंय. पण यादीत नाव घातलं की नोटीस जाणार. बेलीफ दारात हुभा ऱ्हाऊन नाव पुकारणार. लेकीच्या सासरी माझ्या दिवाळ्याची नोटीस? त्यापरीस मी जेलात बसतो. किती, तीन म्हयनं न्हवं?”

इथे खरं म्हणजे गप्प बसायला हवं होतं. मी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं आणि शपथेवर खोटं सांगितल्याबद्दलचं कलम उभं राहून वाचायला लागले. शेजारच्या मागांच्या वरताण आवाज काढून. परिच्छेद संपला तेव्हा सुमनआक्का म्हणाल्या, “बाई, च्या निवतोय.”

मी चहा प्यायले. तोवर डोक्यात एक गोष्ट शिरली. बहुतेक नादारीच्या केसमध्ये सगळे जण बघत असतात की देणेकऱ्याने मालमत्ता कुठे लपवली. सोनं मेहुणीकडे, गाडी भावाच्या नावावर. इथे माणसाने मालमत्ता पै न् पै सांगितली होती आणि देणं लपवलं होतं. आणि त्या लपवलेल्या देण्यामुळे तो कागदावर श्रीमंत ठरून जेलात जाणार होता.

“दोन वाटा आहेत,” मी सांगितलं. “नाव घालायचं, नाहीतर दुसरा वकील बघायचा. अर्धवट यादी घेऊन मी पुन्हा उभी राहणार नाही.”

अण्णांनी मागच्या दारातून बंद मागांकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, “घाला. पण बेलीफाच्या आधी तुमी जावा. तुमी निपाणीच्या हाय. नीट सांगा.”

“आणि मोकळ्या हातानं न्हाय जायचं,” सुमनआक्का आतून म्हणाल्या.

अशा रीतीने मी आयुष्यात एकदाच, बेळगावच्या मिठाईवाल्याकडचा अर्धा किलो कुंदा, एक नारळ आणि एक खण घेऊन कोर्टाचा कागद सांगायला गेले. फाइल त्याच पिशवीत होती. निपाणीला पोचेपर्यंत कुंद्याचं तूप देण्यांच्या यादीला लागलं होतं.

इंदूबाई मराठी शाळेत चाळीसभर वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा नव्हता. मुलगा कामावर गेला होता. सून रेखा दारातच भेटली, माझ्या काळ्या कोटाकडे बघून तिने पिशवी घेतली आणि आत गेली. इंदूबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, चष्मा लावला, अर्ज मागितला. इंग्रजी अकरा पानं उलटून त्या थेट यादीवर आल्या. बोट ठेवून वाचायला लागल्या. सूतवाले. पतसंस्था. रंगवाला. बोट खालपर्यंत गेलं आणि पुन्हा वर आलं.

“यात माझं नाव कुठंय?”

मी सांगितलं. दुरुस्तीचा अर्ज करतोय, आता घालतोय. पाव्हण्यांना संकोच वाटला. वगैरे.

रेखा चहा आणि माझाच कुंदा माझ्यापुढे ठेवून गेली. इंदूबाईंनी कपाटातून आखीव कागद काढला आणि सुंदर अक्षरात लिहिलं: माननीय कोर्टास, मी मारुती अण्णांना दिलेले अडीच लाख रुपये सोडले आहेत, मला परत नकोत. खाली सही.

“घ्या. संपलं ना आता?”

माझे डोळे भरून आले. खरंच आले. एवढ्या मोठ्या मनाची बाई. मी त्यांच्या पाया पडले, दुसरी वाटी कुंदा खाल्ला आणि तो कागद छातीशी धरून बसमध्ये बसले. कोर्टात तो कसा सादर करायचा, किती थांबून, कोणत्या स्वरात, याची तालीम मी निपाणीपासून बेळगावपर्यंत केली.

माझे सीनियर होते, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांनी कागद वाचला.

“अक्षर छान आहे.”

“मन बघा ना, आप्पा.”

“बघितलं. हे कोर्टात दिलंस की काय होईल?”

“जजसाहेबांना कळेल की नातेवाइकांनीसुद्धा—”

“की देणं पुन्हा आठ लाख दहा हजारच आहे.”

मी खाली बसले.

“सोडलेलं देणं हे देणं राहत नाही,” आप्पा म्हणाले. “तू पक्षकाराला जेलच्या दारापर्यंत सोडायला निघालीस. वर कुंदा खाऊन.”

“मग त्यांना मागायला सांगू?”

“काय बोलायचं ते सांगायचं नाही. साक्षीदार आहेत त्या. कागद परत कर, कशाचा काय अर्थ होतो ते समजाव आणि ये.”

दुसऱ्यांदा गेले तेव्हा हातात त्या कागदाशिवाय काही नव्हतं. इंदूबाईंनी कागद परत घेतला, माझं सगळं ऐकलं, आणि शाळेत उत्तर पुन्हा म्हणवून घेतात तसं विचारलं.

“म्हणजे मी उदार झाले तर पावणे जेलात. आणि सावकारासारखं मागितलं तर घरी?”

“साधारण तसं.”

“अजब शाळा आहे तुमची.”

“पण आधी एक बघायला हवं, बाई. तुम्ही खरंच सोडलेत का? खरंच सोडले असतील तर तसंच सांगायचं. मी अडवणार नाही.”

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “सुनेच्या माहेराकडं कुणी पैसे मागतं का हो? तुम्ही मागाल?”

“नाही.”

“मग?”

याला कुठलं कलम लावायचं, असं म्हणत मी उठले.

“तारखेला येईन,” त्या म्हणाल्या. “काय बोलायचं ते तिथं बघीन.”

तारीख आली. दुरुस्तीच्या अर्जाला हिरेमठांनी कडाडून विरोध केला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही केला असता. बेरीज चुकल्यावर अचानक एक नातेवाईक उगवते आणि तिचं देणं नेमकं हवं तेवढं असतं. कोर्ट अशा वेळी सावध असतं. सोयऱ्याधायऱ्यांची खोटी देणी घुसवणं हा नादारीतला जुना खेळ आहे.

जजसाहेबांनी आधी मारुती अण्णांना उभं केलं. प्रश्न कन्नडमधून, उत्तरं मराठीतून, मध्ये बेंच क्लार्क. सोनं आहे का? बायकोचं मंगळसूत्र. दोन वर्षांत काही विकलं, कुणाच्या नावे केलं? नाही. वह्या आहेत? आहेत, आणल्यात. मग हे अडीच लाख का लिहिले नाहीत?

“लाज वाटली, साहेब.”

“सूतवाल्याचं लिहिताना नाही वाटली?”

“त्येंच्या घरात माझी पोरगी न्हाय.”

क्लार्कने भाषांतर करायच्या आधीच जजसाहेबांनी मान हलवली. ऑर्डर शीटवर काहीतरी लिहिलं.

मग इंदूबाई. साडीचा पदर नीट करून त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या, वर्गात शिरावं तशा. पैसे कधी, किती, कसे दिले ते सांगितलं. हिरेमठ उठले.

“रोख दिले असतील?”

“चेकनं दिले.”

“यांच्या खात्यावर असा चेक जमा झालेला दिसत नाही.”

“यांच्या नावानं नव्हताच. पावणे म्हणाले, सूतवाल्याची थकबाकी भागवली तर पुढचं सूत मिळेल. म्हणून चेक सूतवाल्याच्याच नावानं फाडला. तुमच्याच शेठजींच्या.”

हिरेमठांनी मागे वळून शेठजींकडे पाहिलं. शेठजी पंख्याकडे बघत होते. मी फाइल उलटली. हुकूमनाम्याच्या दाव्यात शेठजींनीच दिलेला खातेउतारा माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. चौथ्या पानावर ओळ होती: जमा, अडीच लाख, चेक, आणि पुढे इंदूबाईंचं नाव. मी तो उतारा अर्जाला जोडला होता. क्रमांक घातला होता. वाचला नव्हता. मी तो मोठ्या ऐटीत, जणू राखून ठेवलेला पत्ता असावा तसा, जजसाहेबांपुढे ठेवला. आप्पा मागच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

म्हणजे पैसे दिले होते, हे ठरलं. पण हिरेमठ मुरलेले वकील. त्यांनी दुसरं टोक पकडलं.

“बाई, तुमची सून यांची मुलगी. तुम्ही हे पैसे कधी मागितलेत?”

“नाही.”

“मागणारही नव्हता. सोडूनच दिले होतेत ना?”

नातेवाइकांना हा प्रश्न विचारायचाच असतो. हिरेमठांना त्या कागदाबद्दल काही ठाऊक नव्हतं. ते अंधारात खडा टाकत होते.

“तसं लिहूनसुद्धा दिलं होतं,” इंदूबाई म्हणाल्या.

हिरेमठांना खोकायचंही सुचलं नाही. मला मात्र आपला मोठा कोट आणखी मोठा असता तर बरं झालं असतं असं वाटलं. आत शिरता आलं असतं.

“कुणाला दिलंत लिहून?”

“कोर्टाच्या नावे लिहिलं, या वकीलबाईंकडे दिलं. मग परत घेतलं. पिशवीत आहे, बघायचं तर बघा.”

“परत का घेतलंत?” हे जजसाहेबांनी विचारलं. आणि तेही मराठीत. त्यांना येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

इंदूबाईंनी चष्मा काढला.

“साहेब, यादी वाचली मी. सूतवाला होता, रंगवाला होता. माझं नाव नव्हतं. मी चाळीस वर्षं साठवलेलं दिलं आणि यांच्या यादीत मी नाहीच. मग म्हटलं, नाहीच तर नाही. रागानं लिहिलं ते. वकीलबाईंना वाटलं मी उदार आहे. पाया पडल्या माझ्या.”

कोर्टात हसू झालं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

“आता राग गेला?” जजसाहेब.

“आता नाव घातलंय म्हणतात.”

“पैसे हवेत?”

सगळं या एका उत्तरावर होतं. मारुती अण्णा बाकावर बसलेले, रेखा त्यांच्यामागे. इंदूबाईंनी दोघांकडे पाहिलं नाही. जजसाहेबांकडे बघत, पण आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा लावून, म्हणाल्या, “हवेत. माझे आहेत ते. आणि सून माझी आहे म्हणून कमी घेणार नाही.”

मारुती अण्णा उभे राहिले. कुणी विचारलं नव्हतं. हात जोडून म्हणाले, “देणं लागतो, साहेब. त्येंचं पयलं.”

“पहिलं असं काही नसतं,” जजसाहेब म्हणाले. “सगळ्यांचं सारखं. बसा.”

हिरेमठांनी शेवटचा मुद्दा मांडला. कागद देणेकऱ्याच्या वकिलाच्या हातात गेला म्हणजे देणेकऱ्यालाच मिळाला, देणं तिथेच संपलं. मुद्दा वजनदार होता, आणि तो माझ्याच वेंधळेपणाने त्यांना दिलेला होता. आठवडाभराने ऑर्डर आली. त्यात लिहिलं होतं की कागद कोर्टाला उद्देशून होता आणि कोर्टात तो कधी आलाच नाही. देणेकऱ्याला तो कुणी दिला नाही, त्याने त्यावर विसंबून काही केलं नाही. देणं कायम. एकूण देणी दहा लाख एकाहत्तर हजार, मालमत्ता आठ लाख साठ हजार. देणेकरी असमर्थ आहे असं मानायला जागा आहे. नाव गाळलं ते फसवायला नव्हे, कारण त्या गाळण्याने नुकसान त्याचंच होत होतं. अर्ज मंजूर. मारुती अण्णा नादार जाहीर. वॉरंट रद्द.

माझ्या अकरा पानांबद्दल एक वाक्य होतं: अर्ज अनावश्यक लांब आहे.

रिसीव्हरने माग विकले. यादीत लिहिलेली किंमत आली नाही, कधीच येत नाही. घराचा हिस्सा अण्णांच्या भावाने घेतला, त्यामुळे राहतं घर सुटलं नाही. अण्णा त्याच गल्लीत दुसऱ्याच्या मागावर रोजाने जायला लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मुदतीत अर्ज केला आणि दोन वर्षांनी ते देण्यांतून मोकळे झाले.

वाटणी रुपयाला एकसष्ट पैसे आली. शेठजींना तेवढी, इंदूबाईंना तेवढीच. इंदूबाई चेक घ्यायला स्वतः आल्या. सही करण्यापूर्वी त्यांनी भागाकार पुन्हा करून पाहिला.

“साठच्या वर म्हणजे पहिला वर्ग,” त्या मला म्हणाल्या. “तुम्ही मात्र काठावर पास.”

आता मी कोर्टात जात नाही, पण सल्ला विचारायला लोक घरी येतात. कुणी कर्जात बुडालेला आला की मी आधी देण्यांची यादी करायला लावते आणि तिची बेरीज स्वतः करते. मग विचारते, कुणाचं नाव राहिलं? कुणाचं न्हाय, म्हणतात. मी पेनाचं टोपण लावत नाही. जरा वेळ घरच्या गोष्टी निघतात, पोरं काय करतात, मुलगी कुठे दिली. आणि मुलगी कुठे दिली हे सांगताना माणूस अडखळला, की मी यादीत खाली एक ओळ मोकळी सोडते.